मासेखाऊ शहरातली शाकाहारी जीभ

वर्ध्याचा शाकाहारी माणूस कोलकात्याला निघाला, की घरचे त्याला सीमेवर धाडल्यासारखं सामान बांधून देतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि वर गोरसपाक बिस्किटांचे पुडे. गाडी नागपूरमार्गे सरळ हावड्याला जाते, कुठे बदलायची भानगड नाही. पण ‘तिकडे सगळ्यात मासळी घालतात’ ही माहिती गल्लीत प्रत्येकाकडे असते. कोलकाता कधीच न पाहिलेल्यांकडे तर जरा जास्तच.

माहिती अगदीच खोटी नाही. तिथे मुगाच्या डाळीतून माशाचं डोकं आपल्याकडे बघू शकतं, पालेभाजीतूनही बघू शकतं. दुधीत कोळंबी तर नेहमीचीच. म्हणून ‘भाजी’ एवढं ऐकून मान डोलवू नये, ‘निरामिष’ मागावं. त्यातही मेख आहेच. देवीपुढच्या बळीचं मटण कांदा-लसणाशिवाय शिजवलं, की तेही निरामिष! आपलं भांडण बोकडाशी, त्यांचं कांद्याशी. १९०१च्या काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने गांधीजी कलकत्त्याला गेले, पुढे महिनाभर गोखल्यांकडे राहिले. त्या मुक्कामात कालीमातेच्या देवळाकडे बळीसाठी चाललेल्या मेंढ्या पाहून ते किती अस्वस्थ झाले, ते आत्मकथेत आहे. त्यांचं सेवाग्राम तेव्हा पस्तीस वर्षं लांब होतं.

मी कोलकात्याला गेलो तेव्हा माझ्यासोबत ताई होती, म्हणजे चौकशीचं खातं तिच्याकडे. कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं ओलांडून आम्ही पुटीरामकडे कचोरी खायला गेलो. कचोरी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शेगाव येतं. इथली मात्र पुरीसारखी पातळ, टम्म फुगलेली. सोबत हरभऱ्याची डाळ, तिच्यात ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे आणि चक्क गोडवा.

‘‘काय बाप्पा, डाळीत साखर!’’ ताई म्हणाली. तर्रीवर वाढलेल्या माणसाला हे सोसत नाही. पण तिने ती डाळ पुन्हा मागून घेतली, हेही नोंदवून ठेवतो.

खरी गंमत झाली आम्ही उतरलो होतो त्या घरी. तिथल्या बौदींनी, म्हणजे वहिनींनी, ‘धोकार डालना’ करायला घेतला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आलं-मिरची घालून वाटली. कढईत तेलावर ती घोटत राहिल्या, गोळा कडा सोडून मधे जमेपर्यंत. मग ताटाला तेल लावून थापला, सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडले, तळले आणि हिंग-जिऱ्याच्या रश्श्यात सोडले. ताई ओट्याला टेकून बघत होती. ‘‘बौदी, ही तर आमची पाटवडी!’’ बौदींनी मान हलवली. पाटवडी त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग ताईने हिंदीत, हातवारे करत, बेसनाची पाटवडी आणि तिचा झणझणीत रस्सा समजावून सांगितला. लसणाचं प्रमाण ऐकून बौदींनी डोळे मिटले.

त्यांच्या घरात हा पदार्थ त्यांच्या आजेसासूकडून आलेला. ती लहान वयात विधवा झाली होती. बंगालमधल्या उच्चवर्णीय घरांत विधवेला मासे, मटण, कांदा, लसूण, इतकंच काय मसुराची डाळही वर्ज्य असायची. एकवेळचं जेवण, एकादशीला पाणीही नाही. मग केळफूल, केळीचा गाभा, दुधीची सालं असलं जे उरेल त्यातून त्या बायकांनी चव काढली. आलवणातल्या आज्या आपल्याकडेही होत्या, त्यांच्याही हातचं आपण बोटं चाटून खाल्लं. एवढा निगुतीचा स्वयंपाक अशा जाचातून यावा, हे जेवताना आठवू नये, पण आठवतं. आमच्या वर्ध्यात शाकाहाराला डोकं चालवावं लागत नाही, वांगं आणि तूरडाळ सांभाळून घेतात. डोकं लढवलं ते इथे, मासेखाऊ घराच्या एका कोपऱ्यात, वेगळ्या चुलीवर. आलू-पोस्तोत खसखस वाटीवाटीने पडते. आपण ती अनारशावर मोजून लावणार!

आता बाजार. बडाबाजारात मारवाडी बासे, म्हणजे खाणावळी आहेत, तिथे फुलका-भाजी मिळते. जमनालाल बजाजांच्या गावच्या माणसाला ते परकं वाटत नाही, म्हणून मी तिथे फार रेंगाळलो नाही. न्यू मार्केट १८७४चं, लाल विटांचं. तिथे नाहूमची बेकरी, धंदा १९०२पासूनचा. केकचा सुगंध पोटभर घेतला, अंडं आड आलं. ताई खरी रमली ती गडियाहाटच्या फुटपाथवर. तांताच्या साडीचा भाव तिने मराठीत पाडला. दुकानदार बंगालीत रडत होता आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. ‘बोरी’ म्हणून उन्हात वाळवलेल्या डाळीच्या वड्या विकायला होत्या, म्हणजे आपल्या मुगवड्याच. घरी डबाभर असताना तिने त्याही घेतल्या.

शेवटी माझी खरेदी. वर्ध्याच्या माणसाने कोलकात्यात खादी घ्यावी, हे घरी सांगण्यासारखं नाही, पण बंगालची मलमल खादी हातात घेतली की तत्त्वं पातळ होतात. किंमत बरीच होती. म्हटलं गावाचं नाव कामी येतं का बघावं. ‘‘दादा, हम वर्धा से हैं. सेवाग्राम!’’

विक्रेते वयस्कर होते. ते उठून उभे राहिले, त्यांनी हात जोडले, बापूंबद्दल दोन शब्द बोलले. मग बसून बिल फाडत म्हणाले, ‘‘छूट दो अक्टूबर से मिलेगी.’’

जानेवारी चालू होता.