त्या कर्टिसांची तीन मुलं

अहो वहिनी, जरा या ना इकडे कुंपणाशी. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही मला. कर्टिसांच्या घरचं कळलं का तुम्हाला? कोण कर्टिस म्हणजे? अहो, टल्साचे. अमेरिकेत, ओक्लाहोमात. आईबाप गाडीच्या अपघातात गेले आणि तीन पोरं उघड्यावर पडली. थोरला डॅरी, वीस वर्षांचा. मधला सोळाचा, त्याचं नाव सोडापॉप. हसू नका. धाकटा चौदाचा, पोनीबॉय. जन्मदाखल्यावरसुद्धा हीच नावं, बापाची हौस! आपल्याकडेही बंडू-बाळ्या असतात, पण शाळेत घालताना आपण नीट नाव लावतो.

छे हो, खरी माणसं नव्हेत, पुस्तकातली. न्यू जर्सीच्या आमच्या नातवाला शाळेत लावलं होतं, ‘द आउटसायडर्स’. सुट्टीत आला होता, इथेच विसरून गेला. म्हटलं चाळावं थोडं, तर गवारीची भाजी पार करपली.

प्रेमप्रकरण कसलं, मारामारी! गावात पोरांचे दोन तट. पूर्वेकडच्या गरीब वस्तीतले ते ग्रीझर. केस वाढवायचे, तेल चोपडायचं, चामड्याची जाकिटं घालून फिरायचं. पश्चिमेकडचे ते सोश, बापाच्या पैशावर निळ्या मस्टँगमधून हिंडणारे. त्यांचा विरंगुळा काय, तर एकटादुकटा ग्रीझर गाठायचा आणि बडवायचा. जॉनी म्हणून एक बिचारा आहे, घरी बाप मारतो, आई विचारत नाही. त्याला चौघांनी असा धुतला, की एकाच्या अंगठ्यांनी गालावर कायमचा व्रण राहिला. त्यावर गावात चकार शब्द नाही. हेच उलटं झालं असतं तर? तेच म्हणते मी.

आणि हे लिहिलंय कुणी, तर एका शाळकरी मुलीने. सुझन एलोईज हिंटन. पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं, 1967 साली पुस्तक आलं तेव्हा अठरा वर्षांची होती. मुलीने लिहिलंय म्हटल्यावर टोळीयुद्धावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून प्रकाशकाने नाव छापलं एस. ई. हिंटन. वर गंमत ऐका. लिहीत होती त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला मिळाला ‘डी’! आता अमेरिकेतल्या शाळाशाळांतून पोरांना तेच पुस्तक वाचायला लावतात. त्या मास्तरांना विचारायला हवं, आता कसं वाटतंय.

हो हो, येते गोष्टीवर. एका रात्री पाच सोश बागेत येतात आणि पोनीबॉयचं डोकं कारंज्याच्या पाण्यात दाबून धरतात. पोराचा जीव जायची वेळ. तेव्हा हा भित्रा जॉनी, सगळ्यांत लहानखुरा, चाकू काढतो आणि त्यांच्यातल्या बॉबला मारतो. अंगठ्यांवाला तोच. मग काय, दोघं पळाले. डॅली म्हणून ग्रीझरांतला एक आहे, तुरुंगात जाऊन आलेला. त्याने पैसे दिले, पिस्तूल दिलं, मालगाडीत कसं चढायचं ते सांगितलं. डोंगरावरच्या पडक्या चर्चमध्ये लपले. ओळखू येऊ नये म्हणून जॉनीने पोनीचे केस कापले, रंगवून पिवळे केले. त्यावर तो किती रडवेला होतो! मला आधी हसू आलं. मग वाटलं, अंगावरची तेवढी एकच मिरवायची गोष्ट होती हो त्याच्याजवळ.

चर्चला आग कशी लागते, आतली लहान मुलं वाचवताना जॉनीवर तुळई कशी कोसळते, पेपरात रातोरात हे गुंडांचे वीर कसे होतात, ते तुम्ही वाचालच. माझा जीव अडकलाय दुसरीकडेच.

ती चेरी आहे ना, सोशांच्यातली मुलगी, मरणाऱ्या बॉबची मैत्रीण. सिनेमाला पोनीशी छान गप्पा मारते. आपल्यात नि तुमच्यात फरक नुसत्या पैशाचा नाही, तो स्वभावाचा, भावनांचा आहे, असं काहीबाही समजावते. फिरायला कॉर्व्हेट असलेल्या मुलीने असं म्हणायला काय जातंय? आणि निघताना सांगते, शाळेत समोर आलास आणि मी बोलले नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. काय तो समजूतदारपणा! आधीच सांगून ठेवलं म्हणजे पाप लागत नाही. नाही, वाईट नाही ती. पुढे ग्रीझरांना सोशांच्या बातम्याही पुरवते. पण जॉनीला इस्पितळात भेटायला ये म्हटलं तर नाही. बॉबला त्याने मारलं ना, म्हणून. तेही खरंच. मला तिचा रागही धड करता येईना.

अंगठ्यांवाल्याचा दोस्त रँडी. तो पोनीला गाडीत बसवून सांगतो, आज रात्री दोन्ही तटांची मारामारी ठरलीय, तिला मी येणार नाही. तुम्ही जिंकलात तरी तळालाच राहाल, आम्ही हरलो तरी वरच राहू. शहाणा पोरगा, पटलं मला. पण रात्री पडल्या पडल्या विचार आला, वहिनी, की रँडी घरी बसू शकतो. त्याने दोस्तांची साथ सोडली तर काय बिघडलं? घर आहे, बाप आहे, गाडी आहे, वकीलही मिळेल. पोनीच्या अंगात ताप आहे, इस्पितळात जॉनी शेवटच्या घटका मोजतोय, तरी हा मैदानात उतरतो. त्याला घरी बसून चालेल? उद्या ह्याला कुणी गाठलं तर सोडवायला येणार ती हीच तेलकट केसांची पोरं. निष्ठा, मैत्री वगैरे आपण म्हणतो. त्यांच्याकडे ती दुसऱ्या कशाच्या जागी असते. आपण विमा काढतो, ती पोरं एकमेकांना धरून राहतात.

बरोबर, म्हणून सगळं माफ होतं असं नाही. डॅलीचंच बघा. जॉनी गेल्यावर त्याच्या डोक्यात काय शिरतं कोण जाणे, दुकान लुटतो आणि पोलिसांसमोर रिकामं पिस्तूल रोखून उभा राहतो. गोळ्या घातल्या त्याला. हिंटनबाई इथे एक उसासा टाकत नाही, पुढे जाते. सोळाव्या वर्षी हे सुचतं कसं?

शाळेतलाही एक प्रसंग आहे. पोनी हुशार, म्हणून वरच्या तुकडीत, सगळ्या सोशांच्यात. प्रयोगशाळेत गांडूळ चिरायचं असतं, पातं चालेना, म्हणून हा खिशातला चाकू काढतो. शेजारची मुलगी दचकून म्हणते, लोक म्हणतात ते खरंच आहे, तू गुंडच. त्याला कळेना काय चुकलं! आता मला सांगा, शेजारच्या बाकावर आपली मुलगी असती तर घरी येऊन काय म्हणाली असती? आणि आपण काय म्हणालो असतो? जागा बदलून घे, दुसरं काय.

गोरेच हो सगळे, दोन्हीकडचे. लेक फोनवर सांगत होती, ह्याच टल्सात 1921 साली गोऱ्यांच्या जमावाने काळ्यांची अख्खी ग्रीनवुड वस्ती जाळली. पुस्तकात त्याचा मागमूस नाही. आपल्याकडे कुणी पोरांचे तट लिहिले आणि जात लिहिलीच नाही, तर वाचताना कसं खटकेल, तसं मला ते खटकलं.

सिनेमा आहे ना. गॉडफादरवाल्या कोपोलाचा, 1983 चा. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी मुलांच्या सह्या घेऊन त्याला पत्र लिहिलं, ह्याच्यावर सिनेमा काढा म्हणून, आणि त्याने काढला! टॉम क्रूझ आहे, पण किरकोळ कामात. हिंटनबाई स्वतः नर्स झालीये. आता त्याचं संगीत नाटक झालंय ब्रॉडवेवर, 2024 चा टोनी पुरस्कार मिळाला त्याला.

पण खरं सांगू, मला सगळ्यांत लागला तो थोरला. डॅरी. शाळेच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली, पण तेवढ्यावर भागेना म्हणून राहिलं. आता लोकांच्या घरांची छपरं घालतो. कौलांची दोन-दोन बंडलं एकदम खांद्यावर घेऊन शिडी चढतो, पाठीचं मातेरं झालंय. धाकट्यांना सांभाळता आलं नाही तर सरकार पोरांना अनाथालयात टाकेल ही टांगती तलवार, म्हणून सारखा ओरडतो, एकदा तर पोनीला थोबाडीत देतो. आणि मारामारीच्या रात्री हा पुढे होतो, माझ्याशी कोण लढतो बोला, तर सोशांमधून कोण यावं? पॉल. ह्याच्याच संघातला खेळाडू, शाळेत दोघं गळ्यात गळा घालून फिरायचे. तो आता कॉलेजात शिकतोय. दोघं एकमेकांभोवती फिरतात, बोलत नाहीत. बॉबचं मरण वाचताना नाही, पण इथे मी पुस्तक पालथं घातलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पुढे? गेला का कॉलेजला? काही सांगितलेलं नाही हो. खटल्यात पोनी सुटतो, भाऊ एकत्र राहतात, इतकंच. नातवाला फोन करून विचारलं, डॅरीचं काय झालं रे शेवटी? तर म्हणतो, आजी, तो मेन कॅरेक्टर नाहीये. नाहीये म्हणे! घरात भाडं कोण भरतं, विचारा त्याला.