रिठ्यांचं पातेलं

दसरा उलटून हवेतला ओलावा गेला की आमच्या नाशिकच्या घरात काकू एक दिवस मुक्रर करते. त्या दिवशी कुणी अत्तर लावायचं नाही, बोटात अंगठी ठेवायची नाही आणि स्वयंपाकघरात फोडणी द्यायची नाही. पलंगावर पांढरी चादर अंथरली जाते आणि काकूच्या कपाटातून पणजीची नऊवारी पैठणी बाहेर येते.

घडी मोडणं म्हणजे नवं लुगडं पहिल्यांदा नेसणं, असा बाकीच्या जगाचा समज आहे. काकूच्या लेखी हा वार्षिक विधी आहे. पैठणी पूर्ण उलगडायची आणि नवी घडी जुन्या वळीपासून चार बोटं सरकवून घालायची. त्याच त्या वळीवर वर्षानुवर्षं पडून राहिलं की रेशीम तिथेच विरतं, जर तिथेच तुटते. मला दक्षिणेकडचं टोक धरायला दिलेलं आहे. गेली २२ वर्षं ते माझ्याकडेच आहे, बढती नाही.

"ओढू नकोस! रेशीम आहे ते, सतरंजी नव्हे."

डांबरगोळी वापरणाऱ्याला काकू नातेवाइकांत धरत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत साडी ठेवणारा तर तिच्या मते गुन्हेगारच, कारण आत ओल कोंडते. पैठणी राहते धुतलेल्या मलमलीत, आणि कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी शेजारी. शेजारी म्हणजे शेजारी, टेकवायची नाही.

आदल्या रात्री ती रिठे भिजत घालते, ते एका ठराविक पातेल्यात. पणजीचा शालूही होता. तो माझ्या आजीने बोहारणीला देऊन हे पातेलं घेतलं. बोहारणीला जरीतली चांदी कळत होती, आजीला पातेल्याचं जाड बूड. त्या पातेल्यात काकूने आजवर दूध तापवलेलं नाही. शालूच्या जिवावर आलेल्या भांड्याने निदान पैठणीची तरी सेवा करावी, असा न्याय.

सकाळी रिठ्यांचं पाणी गाळून तयार. काकू ओला कापूस पैठणीच्या आतल्या कडेला हलकेच टेकवते. कापूस किंचित गुलाबी होतो. "रंग सुटतोय. यंदा नको." एका वर्षी कापूस पांढराच राहिला, तेव्हा तिला जरीची काळजी वाटली. पुढच्या वर्षी आभाळ भरून आलं. थोडक्यात, माझ्या आठवणीत ती पैठणी एकदाही पाण्यात गेलेली नाही. आणि सांगू का, शहाणपणाचंच आहे ते. भिजलेलं जुनं रेशीम स्वतःच्याच वजनाने फाटतं. पण केलेलं पाणी फुकट घालवायचं नाही म्हणून दरवर्षी त्यात माझा स्वेटर धुतला जातो.

पदरावर, मोराच्या शेपटीपाशी, एक पिवळट डाग आहे. काकू म्हणते, पणजीच्या डोहाळजेवणातलं श्रीखंड. आत्या म्हणते, कढी. हा वाद दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत फोनवर चालतो. डाग काढायचा विषय मी एकदाच काढला होता. काकूने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आत्यालाच घरातून काढायला निघालो होतो.

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, सीमांतपूजनापुरती, पैठणी बाहेर आली. अटी अशा: पिन लावायची नाही, बसायचं नाही, हसताना वाकायचं नाही. नवरी पाऊण तास उभी होती. पूजेला बसायची वेळ आली तेव्हा भटजींनी काकूकडे पाहिलं आणि तेही उभेच राहिले. फोटोत बहिणीच्या निऱ्यांपाशी मागून आलेले दोन हात दिसतात. अंगठी नाही, बांगडी नाही.

घरी आल्यावर पैठणी रात्रभर चादरीवर पसरून ठेवली. पहाटे स्वयंपाकघरातून ओळखीचा वास आला. रिठे भिजले होते. काकूने कापूस टेकवला, तो गुलाबी झाला आणि भर उन्हाळ्यात माझ्या स्वेटरची शोधाशोध सुरू झाली.