चौथ्या सीटवरची न्हाणी

कल्याण आणि डोंबिवली ही दोन स्टेशनं ऐसपैस बसलेली, आणि त्यांच्यामध्ये ठाकुर्ली चौथ्या सीटवर टेकल्यासारखी. जलद गाड्या तिच्याकडे न बघता निघून जातात. धिम्या गाडीला ती दबक्या आवाजात 'जरा सरकून घ्या' म्हणत असावी, असा माझा जुना संशय आहे. अशा गावातल्या माणसाला बाथरूमही चौथ्या सीटएवढीच मिळाली, तर तक्रार करण्यात अर्थ नसतो. आमची चार बाय सहा फुटांची. म्हणजे चोवीस चौरस फूट, आणि त्यातच कमोड, बेसिन, गिझर, वॉशिंग मशीनचा पाइप आणि मी.

तीस वर्षं आम्ही तिच्याशी जुळवून घेतलं. मग बायको एका नात्यातल्या घरी वास्तुशांतीला जाऊन आली. "अहो, त्यांच्या बाथरूममध्ये हात पसरून उभं राहता येतं," ती म्हणाली. बाथरूममध्ये हात पसरून उभं राहण्याचं काम नेमकं कधी पडतं, हे विचारायचं मी टाळलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं कळतं.

भाच्याने मोबाइलवर जपान दाखवला. 1964च्या ऑलिंपिकच्या तोंडावर टोकियोत एक मोठं हॉटेल घाईने उभं राहत होतं. हजाराहून जास्त खोल्या आणि हातात वेळ नाही. तेव्हा अख्ख्या बाथरूम कारखान्यातच बनवून आणल्या आणि जागेवर नेऊन बसवल्या. मी हे मिस्त्रीला कौतुकाने सांगितलं. त्याने चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि म्हणाला, "काका, आपल्याकडे जिना अडीच फुटांचा हाय."

मिस्त्री इथलाच, चोळेगावचा. त्याने ओळंबा सोडला, कोपऱ्यात गुण्या लावला आणि आमच्या चार भिंतींपैकी एकही दुसरीशी काटकोनात नाही, हे जाहीर केलं. आम्ही तीस वर्षं तिरक्या खोलीत सरळ उभे राहत होतो म्हणायचं. पैसे कुठे वाचवायचे, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. कमोडची जागा हलवायची नाही, कारण तो हलला की मैल्याचा पाइप हलतो, पाइप हलला की खालचा कोबा फोडावा लागतो, आणि मग तळमजल्यावरच्यांशी बोलणं बंद होतं. भिंतींवरच्या जुन्या फरशीवर नवी चिकटवली तर फोडाफोडी आणि राबीट वाचतं, पण दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जातो. चार फुटांत एक इंच! आम्ही रात्री जमिनीच्या वादात बसतात तसे बसलो, आणि इंच सोडला. राबिटाच्या गोणी उतरवायची मजुरी इंचाहून महाग होती.

जुन्या फरश्या सहा बाय सहा इंचांच्या होत्या. त्यांच्या सांध्यांनी भिंतीची गणिताची वही झाली होती. फरशी मोठी घेतली, फिकट घेतली आणि सांध्यात त्याच रंगाचं ग्राउट भरलं, की डोळा कुठे अडत नाही आणि भिंत लांब वाटते. दुकानदार म्हणाला, "सगळा माल मोरबीचा." देशातल्या बहुतेक फरश्या तिथूनच येतात. मोरीचा माल मोरबीहून यावा, हे मला इतकं आवडलं की मी घासाघीस करायचंच विसरलो.

मोरीवरून आठवलं. चाळीत आमची मोरी तीन बाय तीनची होती, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वीतभर उंचीच्या कठड्याची. तिथेच भांडी, तिथेच कपडे, तिथेच दिवाळीचं अभ्यंग. ती कधी लहान वाटली नाही, कारण तिला भिंतच नव्हती. अंगाला साबण लावता लावता आईला 'पोह्यांत शेंगदाणे घाल' असं सांगता यायचं. आता मिस्त्री म्हणाला, पडदा काढून अर्धी काच लावा, नजर पुढे जाते, जागा मोठी दिसते. म्हणजे पैसे मोजून मोरीच. सासूबाईंनी विचारलं, "काचेच्या आड आंघोळ? मी काय मासा आहे?" काच रद्द झाली, ती रक्कम आरशात गेली. आरसा चांगला भिंतभर. त्याने बाथरूम दुप्पट झाली खरी, पण आत माणसंही दोन झाली, आणि दुसऱ्याचं पोट माझ्याहून मोठं आहे.

प्लंबर आला तेव्हा त्याने 'नानी ट्रॅप' मागितला. जमिनीतल्या जाळीखालच्या, वास अडवणाऱ्या भांड्याचं हे नाव. नात हसून लोळली. तिला वाटलं आजीसाठी सापळा. खरं म्हणजे तो न्हाणी ट्रॅप, आणि आपल्याकडच्या इंग्रजी बांधकामाच्या पुस्तकांतही तो त्याच नावाने छापतात. आपण न्हाणीला बाथरूम म्हणून मोकळे झालो, आणि न्हाणी बिचारी जाळीखाली बसून अजून नोकरी करते आहे. फरशीला तिच्याकडे ढाळ दिला. मग दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, आणि तळमजल्यावरचे दोन दिवस छताकडे बघत जेवले. गळलं नाही.

राहिला दरवाजा. तो आत उघडायचा आणि बेसिनपुढची सगळी जागा खायचा. मिस्त्रीने नवा पीव्हीसीचा लावून बाहेर उघडता केला. आणि जाता जाता कोपऱ्यात उभ्या निळ्या पिंपाकडे बोट दाखवलं. "काका, बाथरूम लहान नाय. पिंप मोठा हाय."

मी मोजलं. दोनशे लिटरचं पिंप, व्यास दोन फूट. बसायला चार चौरस फूट, म्हणजे बाथरूमचा सहावा हिस्सा. तीस वर्षं आम्ही पाणी येणार नाही या भीतीला ठाकुर्लीतली एवढी जागा बिनभाड्याने दिली होती. त्या रात्री पिंप बाहेर काढलं. बायको आत जाऊन खरंच हात पसरून उभी राहिली. बोटं दोन्ही भिंतींना टेकली, पण ती काही बोलली नाही, मीही नाही.

मंगळवारी पाणी बंद असल्याची सूचना आली. पिंप टाकून द्यायला कुणीच तयार नव्हतं. ते भरून पॅसेजमध्ये ठेवलं, तिथे तेवढी एकच जागा. आता बाहेर उघडणारा दरवाजा अर्ध्यावर जाऊन त्याच्यावर ढब् असा आदळतो. मग मी पोट आत घेतो, एक खांदा पुढे करतो, आणि आडवा होऊन बाहेर येतो. सवय आहे. सकाळी 7च्या धिम्या गाडीत मी असाच चढतो.