अर्धा आटा

आपण विमान घेऊन मैदानावर उतरावं आणि कुणीतरी मागून येऊन, न विचारता, त्याची शेपटी धरावी. समजा, शेपूटकाका आले. रिमोटची विमानं उडवणाऱ्यांच्या प्रत्येक मैदानावर एक असतातच. कुठे टोपी वेगळी, कुठे मिशी, वाक्य तेच: "अर्धा आटा फिरवू या का?"

हा प्रश्न नसतो. तोवर क्लेव्हिस निघालेला असतो.

ज्यांनी हे खेळणं (काकांसमोर हा शब्द काढू नका) हाताळलेलं नाही, त्यांच्यासाठी एवढंच: विमानाच्या पोटातल्या सर्वोपासून, म्हणजे छोट्या मोटरपासून, शेपटीपर्यंत एक तार जाते, ती पुशरॉड. तिच्या टोकाला आट्यांवर बसवलेला चिमटा, तो क्लेव्हिस. तो एलेव्हेटरच्या, म्हणजे शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या फळीच्या, हॉर्नला (छोट्या शिंगाला) अडकतो. चिमटा फिरवला की तार लांब किंवा आखूड, एलेव्हेटर वर किंवा खाली. पाच मिनिटांचं काम. काका साडेसातला सुरू करतात.

आधी सर्वोचा हात तारेशी काटकोनात. मग पट्टी. मग एक डोळा मिटून मागून निरीक्षण. "केसभर वर आहे." अर्धा आटा. "आता केसभर खाली." उलटा अर्धा आटा. मधल्या वेळात व्याख्यान: दोन मिलिमीटरच्या तारेवर एका आट्याला ०.४ मिलिमीटर, अर्ध्याला ०.२, हॉर्नचं भोक बिजागरीपासून १२ मिलिमीटरवर असेल, तर तेवढ्यानं एलेव्हेटर जवळजवळ एक अंश फिरतो. हिशेब चुकावा म्हणून मी घरी जाऊन मुद्दाम मांडून पाहिला. मेला बरोबर निघाला.

"काका, रिमोटवर ट्रिम असतं की! दोन टिचक्या मारल्या की झालं," एखादा पोरगा म्हणतो. काका त्याच्याकडे, लग्नात चप्पल घालून पंगतीला बसलेल्याकडे बघावं तसं बघतात. "ट्रिम हवेत. जमिनीवर ट्रिम मारतो तो आळशी."

एकदा माझ्या स्कूटरच्या मागच्या ब्रेकचा नट त्यांनी असाच अर्धा आटा आवळून ठेवला. मला न सांगता. सिग्नलला मी हँडलवर आपटलो. ब्रेक तेव्हापासून उत्तम लागतो, ही गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

त्यांचं स्वतःचं विमान बाल्साचं, क्लेव्हिस चुकून उघडू नये म्हणून त्यावर सिलिकॉनच्या नळीचं कडंसुद्धा चढवलेलं. ते उडत नाही. सगळं जुळेपर्यंत ऊन चढतं, काका बोट ओलं करून वर धरतात आणि म्हणतात, "वारा सुटला. आता नको."

परवा एक मुलगा नवं फोमचं विमान घेऊन आला. आत जायरो, तोल आपोआप सावरणारा. काकांनी सवयीनं शेपटी उचलली. शेपटी वर म्हणजे नाक खाली; अशा वेळी जायरोनं एलेव्हेटर वर न्यायला हवा. तो खाली गेला. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकांनी पुन्हा उचलली, पुन्हा खाली. "बाळ, हे उडाल्या उडाल्या स्वतःहून जमिनीत घुसेल रे." जायरोची दिशा उलटी होती. मुलानं सेटिंग बदललं. काका बाजूला उभे राहिले, कारण त्यात फिरवायला आटाच नव्हता.

विमान छान चढलं, मैदानाच्या टोकाला ठिपका झालं. काकांनी कपाळावर हात धरला आणि माझ्याजवळ सरकून हळूच विचारलं, "येतंय की जातंय?"

०.२ मिलिमीटर ज्याच्या नखाला कळतो, त्याला आता शंभर पावलांपलीकडचं विमान उमगत नाही. दर रविवारी वारा का सुटतो, ते मला तेव्हा कळलं.

"जातंय," मी म्हटलं.

"मग नाक खाली आहे," काका म्हणाले. "उतरू दे त्याला. बघतो."

आणि खिशातली पक्कड चाचपू लागले.