पीडीएफ एडिटर महोदयांस, ‘कायार्लया’तून सप्रेम

प्रति,
मा. ‘कोणतीही पीडीएफ एका क्लिकवर एडिट करा’ साहेब,
मुक्काम : शोधनिकालांतली पहिली ओळ (जिच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं)

विषय : आमच्या जिल्ह्याचे परस्पर नामांतर केल्याबद्दल आभार.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, समुद्रपूर तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीस आपल्या सेवेचा लाभ झाला. कंपनी म्हणजे फार मोठं काही समजू नका. एक खोली, दोन संगणक, एक प्रिंटर आणि ऐन मे महिन्यात मान टाकणारा कूलर. धंदा हळदीचा. आमच्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता हळदीपेक्षा कागदच जास्त पिकतात : ठराव, भागधारकांच्या याद्या, सातबारे, आधारच्या प्रती, बँकेसाठी प्रकल्प अहवाल.

त्या अहवालातला एकच आकडा बँकेला बदलून हवा होता. मूळ फाइल सल्लागाराकडे, सल्लागार नागपुरात आणि त्याचा फोन संपर्क क्षेत्राबाहेर. आमच्या हाती नुसती पीडीएफ. अशा वेळी आपण देवासारखे धावून आलात.

आपण आकडा बदललात, हे मान्य. पण जाता जाता ‘वर्धा’चं ‘वधार्’ केलंत आणि ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘जिल्हा वधार्’ वाचून आमचे अकाउंटंट भाऊ म्हणाले, “काहून बाप्पा, आपला जिल्हा कधी बदलला?”

आपली बाजूही आम्ही समजून घेतली. ॲडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणली ती पान सगळीकडे सारखं दिसावं म्हणून. त्यात शब्द नसतात. कोणता आकार कुठल्या जागी उमटवायचा, एवढीच नोंद असते. रफार उच्चारात ‘धा’च्या आधी येतो, पण चितारला जातो सगळ्यांत शेवटी, काना झाल्यावर. चितारण्याच्या क्रमाने वाचलं की ‘र्’ शेपटीला जातो. डोळ्याला पान बिनचूक दिसतं. ते उचलून पुन्हा मांडायचं तर रफार आपल्या जागी नेणारा कुणी जाणकार लागतो. आपल्या जाहिरातीत शंभरावर भाषा आहेत. त्यांत मराठी येणारं कुणी असेल, तर त्या दिवशी ते रजेवर असावं.

दुसरी फाइल जुन्या सभेच्या इतिवृत्ताची, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली. इथे तर आपण कमालच केलीत. कृतिदेवमध्ये ‘वर्धा’ असं दिसतं, पण पोटात असतात रोमन ओ, तिरकी रेघ, के, के आणि मोठा झेड. फॉन्ट म्हणजे निव्वळ मुखवटा. आपण तो मुखवटा काढून आपला स्वच्छ इंग्रजी फॉन्ट चढवलात, आणि अध्यक्षांच्या आभारप्रदर्शनापर्यंत सगळं इतिवृत्त झेड आणि तिरक्या रेघांनी भरून गेलं. कोरम पूर्ण होता, एवढंच काय ते आकड्यांवरून कळलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शहाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या वर्ध्यातच झालं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या पुढच्या अपडेटमध्ये या बातम्या घ्याव्यात, ही नम्र विनंती.

आता मोबदल्याबद्दल. आपण फुकट आहात असं वाचलं होतं. फाइल उघडणं फुकट, टाइप करणं फुकट. जतन करायला गेलं की प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आपलं नाव. बँकेच्या साहेबांनी विचारलं, हे तुमचे प्रवर्तक का? पुसायचं तर सात दिवसांची ट्रायल, ट्रायलसाठी कार्ड, आणि रद्द करण्याचं बटण ‘माझे खाते’, ‘सेटिंग्ज’, ‘योजना’ यांच्याही पलीकडे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत. त्यांत वर्गणीचा हा सापळाही आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपोआप पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेकडून निरोप यावा लागतो. तो निरोप आला तेव्हाच आपल्या योजनेची वार्षिक किंमत आम्हाला पहिल्यांदा पूर्ण दिसली. हळदीच्या भावाशी तुलना करणार नव्हतो, पण झाली.

आता जरा थट्टा बाजूला. सभासदांच्या आधारच्या प्रती एका फाइलमध्ये जोडायच्या होत्या. पोर्टलला एकच फाइल हवी, तीही अमुक केबीच्या आत. आपण म्हणालात, ‘इथे ओढून सोडा’. कुठे सोडा? आपल्या सर्व्हरवर, जो कोणत्या देशात आहे हे आपल्या गोपनीयता धोरणाच्या विसाव्या परिच्छेदातही सापडलं नाही. ‘काही तासांत फाइल पुसली जाते’ असं आपण म्हणता. पाहायला कोण येणार? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने अशा फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरांबद्दल जाहीर इशारा दिला होता : फाइल बदलून मिळते, सोबत मालवेअर येतं आणि कागदांतली खासगी माहिती खरवडली जाते. ज्या माणसाने विश्वासाने आपलं आधार कार्ड आमच्या टेबलावर ठेवलं, त्याला आपल्याविषयी काहीच माहीत नाही. बरं, आधार क्रमांक झाकायला आपण काळी पट्टी दिलीत. पट्टी ओढली, फाइल जतन केली, पट्टीखालचा मजकूर माउसने निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला. बाराच्या बारा आकडे हजर! घाबरू नका, यात आपण एकटे नाही. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदांवरच्या काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी असाच वाचला होता.

आपलं सर्वांत मोठं ब्रीद म्हणजे ‘बदल केलेला कळणारही नाही’. महोदय, हेच तर नको आहे. आमच्या शिपायाकडे व्हाइटनरची बाटली असते. तो खोडतो तेव्हा ते दिसतं, आणि खाडाखोडीशेजारी सचिवांची छोटी सही लागते. दिसणाऱ्या दुरुस्तीचा हा रिवाज कचेऱ्यांत उगाच पडलेला नाही. राज्यात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. ती सही म्हणजे शेवटी छापलेलं चित्र नव्हे. साऱ्या फाइलच्या बाइट्सवरून काढलेला ठसा तिच्यात असतो. एक स्वल्पविराम हलला तरी पडताळणीत ती सही नापास होते. आमच्या एका सभासदाला आपल्या मदतीने सातबाऱ्यावरचं क्षेत्र ‘जरा सुधारायचं’ होतं. त्याला समजावलं की फेरफार तलाठ्याकडे होतो, आपल्याकडे होते ती बनावटगिरी.

सबब, संचालक मंडळाच्या सभेत आपल्या निवडीचा विषय चर्चेला आला. निघालं असं की आम्ही ज्याला ‘एडिट’ म्हणतो त्यातलं बहुतेक काम एडिटिंग नसतंच. पानं जोडणं, फिरवणं, वेगळी काढणं : त्यासाठी पीडीएफसॅम बेसिक आहे, फुकट, आणि नेट बंद असलं तरी चालतं. अर्जावर टिक करून सही काढायची, तर फायरफॉक्स ब्राउझरमध्येच २०२२ पासून पीडीएफवर लिहिण्याची सोय आहे. उरला मजकूर बदलणं. तो मूळ फाइलमध्ये, युनिकोडमध्येच बदलायचा. लिबरऑफिसमध्ये पीडीएफ काढताना ‘हायब्रिड पीडीएफ’ असा एक पर्याय असतो; तो निवडला की मूळ दस्तऐवज पीडीएफच्या पोटातच राहतो आणि लिबरऑफिसमध्ये पुन्हा जसाच्या तसा उघडतो. नागपूरच्या फोनची वाट बघायला नको. सल्लागारांच्या नव्या करारात अटही घातली आहे : मूळ फाइल युनिकोडमध्ये दिल्याशिवाय बिल निघणार नाही.

स्कॅन केलेल्या कागदातला मजकूर ओळखायला पुढेमागे पैसे मोजून काही घ्यावं लागेल, याची जाणीव आहे. तेव्हा जो विक्रेता येईल त्याला आमच्याच जुन्या पत्रातला ‘कार्यालय’ हा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायला सांगू. रफार जागेवर आला, तर चहा आणि दरपत्रक. नाही आला, तर नुसता चहा.

आपला विषय दप्तरी दाखल करण्यात येत आहे. ट्रायल रद्द करण्याचं बटण आपणास सापडल्यास कळवावे.

आपला विश्वासू,
एक भागधारक, समुद्रपूर, जि. वर्धा

प्रत माहितीस्तव : सल्लागार महोदय (फोन लागल्यास)