नामांतर, पण राजपत्राविना

उस्मानाबादचं धाराशिव व्हायला केवढा व्याप! २०२२ साली मंत्रिमंडळाचा निर्णय, २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी, शिवाय हरकती-सूचना, राजपत्र, कोर्टकचेरी. लिनक्सला असले सोपस्कार लागत नाहीत. लिनक्सवर व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या सर्व्हरमध्ये एखादं जादा कार्ड खोचा. काल ‘ईएनपी३एस०’ असलेलं नेटवर्क कार्ड आज ‘ईएनपी४एस०’ म्हणून उठू शकतं. गंमत म्हणजे, नावं स्थिर राहावीत म्हणूनच २०१३ मध्ये ‘ईटीएच०’सारखी सुटसुटीत नावं मोडीत काढायला सुरुवात झाली होती.

जुन्या नावानं आलेलं पत्र पोस्टमन ४१३५०१ हा पिनकोड बघून बिनबोभाट पोचवतो. सर्व्हरकडे तेवढा समंजसपणा नाही. ‘व्हीएमबीआर०’ हा नेटवर्क ब्रिज सेटिंगच्या फाइलीतल्या जुन्याच नावाला चिकटून बसतो आणि त्याच्या भरवशावरची सगळी व्हर्च्युअल मशिन नेटविना ताटकळतात.

उपाय सोपा आहे. ‘आयपी लिंक’ देऊन नवं नाव बघा, इंटरफेसेसच्या फाइलीत ‘ब्रिज-पोर्ट्स’समोर ते लिहा, मग ‘आयएफरीलोड -ए’. फक्त सर्व्हर धाराशिवला असेल, तर हे पुण्यात बसून जमत नाही; आत शिरायची वाट त्याच ब्रिजवरून जाते. तेव्हा साहेब, बार्शीमार्गे एसटी धरा आणि मॉनिटर-कीबोर्ड तिथे आहे का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या.