राजीनामेवाले बाबूजी

अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या टपरीवर संध्याकाळी बाबूजी बसतात. नावानं विचाराल तर सापडणार नाहीत. 'राजीनामेवाले' म्हणा, शेंबडं पोरगंही बोट दाखवील. खाजगी शाळेच्या कचेरीत उभा जन्म काढून निवृत्त झालेली ही जात अकोल्यातही आढळते. पण आपल्या गावच्या बाबूजीवर भरवसा कुणाचाच नसतो. म्हणून अकोल्याची मंडळी गाडीनं बडनेऱ्याला उतरून इकडे येतात.

येणारा मास्तर अकोल्याच्या मे महिन्यासारखा तापलेला असतो. हातात चार पानी मजकूर. संस्थाचालक, त्यांचा साळा, साळ्याची गाडी, कुणाचाच उद्धार राहिलेला नसतो. बाबूजी चष्मा कपाळावर सरकवतात. "मास्तर, एवढं तं लोकं मृत्युपत्रात बी लिवत नाईत."

मग लाल पेन निघतो. पहिल्या चहाला गाडी कटते, दुसऱ्याला साळा, तिसऱ्याला खुद्द संस्थाचालक. शेवटी कागदावर दोनच शब्द उरतात: 'वैयक्तिक कारणास्तव'. बाबूजींच्या मते अख्ख्या वऱ्हाडातली भांडणं त्यात मावतात.

तारखेच्या बाबतीत मात्र ते देवाचंही ऐकत नाहीत. नेमणुकीच्याच दिवशी बिनतारखेचा राजीनामा लिहून घेऊन कपाटात ठेवणारी माणसं त्यांनी पाहिली आहेत. म्हणून खाजगी शाळांच्या नोकरांसाठीच्या १९७७च्या कायद्याचं कलम ७ ते आरतीसारखं म्हणतात: राजीनाम्याच्या दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टानं व्यवस्थापनाला, एक आपल्याजवळ. शिवाय नोकरी कायम असेल तर नियमावलीप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस. २०२५मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं, तेव्हा बाबूजी आठवडाभर सुतकात होते. "राजीनामा अन् स्पीड? अशानंच घरं बुडतेत."

"आपल्यापेक्षा सालदार बरा," ते म्हणतात. "पाडव्याले साल संपलं, हिशेब झाला. पटलं तं रायला, नाई तं दुसरा मालक. ना कागद, ना टपाल."

मीही एकदा चार पानं घेऊन गेलो होतो. तिसरा चहा संपल्यावर दोन ओळींचा देखणा राजीनामा हातात आला. सही केली, तारीख टाकली. पाकिटावर पत्ता लिहिताना बाबूजींनी सहज विचारलं, "घरी इचारलं काय?"

कायद्याप्रमाणे एक प्रत पाठवायची आणि एक ठेवायची. माझ्या दोन्ही प्रती अजून माझ्याच कपाटात आहेत.